गेटबाहेरचा रस्ता

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या जिल्हा परिषद शाळेपुढच्या रस्त्यावर चालायची भीती वाटते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, आणि गाण्यांच्या आवाजात ड्रायव्हरला हॉर्नही ऐकू येत नाही. पहिली-दुसरीची पोरं त्याच कडेनं वस्तीवर चालत जातात.

शाळा व्यवस्थापन समितीत मी हा विषय घेतला, तेव्हा वरून निरोप आला, "बाई, तुम्ही सरकारी नोकर. असल्या भानगडीत पडू नका." राजकीय पक्षाचं काम, निवडणुकीचा प्रचार आम्हाला वर्ज्य आहे आणि ते योग्यच आहे. शाळेच्या वेळेत मुलांना मोर्चात उभं करणंही मला मान्य नाही. पण गतिरोधक मागणं म्हणजे राजकारण कसं? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले, निम्म्या जागा महिलांना दिल्या. मुख्याध्यापक म्हणून मी तिची सचिव. बैठकीत पालक जे बोलतील ते इतिवृत्तात लिहिणं हे माझं कामच आहे. मी ते शब्दन् शब्द लिहिलं.

खरी अडचण वेगळीच होती. त्या ट्रॅक्टरांवर आमच्याच मुलांचे वडील होते. एक जण बैठकीत उठून म्हणाले, "खेपा कमी झाल्या तर हप्ता कोण भरणार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिसरीतल्या एका मुलीची आई म्हणाली, "दादा, खेपा करा की. शाळा सुटायच्या वेळी तेवढा अर्धा तास वेशीवर थांबा." तोडगा तिनं काढला, मी फक्त लिहून घेतला. असल्या मागणीला पालकांच्या तोंडून जे वजन येतं, ते माझ्या सहीनं येत नाही, असं मला ठाम वाटतं.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव त्याच आईनं मांडला. हप्त्याचं विचारणाऱ्या वडिलांनी अनुमोदन दिलं. मी मागे बसले होते, सरपंचांनी विचारलं तेव्हा पटसंख्या आणि शाळा सुटायची वेळ सांगितली.

आता त्या वेळेला बहुतेक ट्रॅक्टर वेशीवर थांबतात. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरही लागले आहेत. गतिरोधकाचा प्रस्ताव मात्र अजून बांधकाम विभागात पडून आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मी तो पहिला घेतला आहे.