डावी कमान

वाहन आणि पाठीचा कणा यांचे वैर मनुष्याला फार पूर्वीच कळले असले पाहिजे. त्यावरचा उपाय मात्र त्या मानाने उशिरा रूढ झाला. चाक आणि बसणारा यांच्यामध्ये पोलादाची वाकवलेली पाती घालून धक्का वाटेतच जिरवण्याची युक्ती युरोपात क्रमाक्रमाने सुधारत गेली, आणि ओबादाया इलियटने 1804 मध्ये लंडनला लंबवर्तुळाकार कमानींचे एकस्व घेतल्यानंतर घोडागाड्यांच्या रचनेला निराळेच वळण लागले. आपल्याकडे छकडा कमानीवाचून चालत राहिला, टांगा कमानींवर डुलू लागला. देवाच्या रथाला मात्र कमान नसते. बदामीजवळच्या बनशंकरीचा रथ पौषी पौर्णिमेला दोरांनी ओढला जातो तेव्हा रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट देवीपर्यंत पोहोचतो. देवी तो सोसते. माणसाचा कणा सोसत नाही.

ही बनशंकरी अनेक मराठी घरांची कुलदेवता. तिचे सध्याचे मंदिर 1750 मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदाराने बांधून घेतले. बंगळूरच्या दक्षिणेकडील उपनगराला याच देवीचे नाव आहे; तेथील देवळात राहुकाळी पूजा होते आणि लिंबाच्या उलट्या केलेल्या सालींत दिवे लावले जातात. 2017 मध्ये मेट्रो आल्यापासून तेथे जाणे सोपे झाले आहे. पण त्याच उपनगरातील एका मोठ्या वसाहतीच्या मागच्या इमारतीत राहणाऱ्या सोलापूरच्या एका आजींच्या दृष्टीने अवघड होता तो घरापासून वसाहतीच्या फाटकापर्यंतचा उतार. खुब्याचे हाड मोडून जोडल्यापासून त्यांना तो पायी उतरणे शक्य नव्हते.

अशाच वृद्धांसाठी वसाहतीने एक विजेरी बग्गी घेतली होती. ज्या शहरात 1876 पासून गोल्फ क्लब आहे तेथे हे वाहन अपरिचित नव्हे; ही बग्गी मात्र दूरच्या एका मैदानावरून निवृत्त होऊन आली होती. तिची रचना हिरवळीसाठी केलेली. दोन माणसे, काठ्यांच्या दोन पिशव्या आणि आसनाखाली आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एवढाच तिचा संसार. त्यात बॅटऱ्यांचेच वजन सुमारे पावणेदोनशे किलो. पिशव्यांच्या जागी पाठमोरे आसन बसवून येथे आणखी दोन माणसांची सोय करण्यात आली. हे आसन मागच्या आसाच्याही मागे येते, हे त्या वेळी कोणी मनावर घेतले नाही.

तक्रारी दोन होत्या. बग्गी मागे उजवीकडे कललेली दिसे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यावर मागून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येई. दोन्ही बाजूंचे शॉकॲब्सॉर्बर बदलून झाले होते. फरक पडला नव्हता. मग एका शुक्रवारी, देवळाला निघालेल्या आजी मागच्या डाव्या आसनावर बसलेल्या असताना असा हिसका बसला की त्यांना तीन आठवडे अंथरुणावर काढावे लागले. समितीची बैठक झाली. चिटणीस निवृत्त अधिकारी होते, काटेकोर आणि निःस्वार्थी. त्यांनी निष्कर्ष काढला की चालक वेगाने गाडी हाकतो. उजवी बाजू बसली आहे, कारण चालक उजवीकडे बसतो आणि परतीच्या खेपेला एकटाच असतो, हे स्पष्टीकरण तर्काला धरून होते. त्यातूनच दोषही त्याच्याकडे सरकला. मंड्याकडून आलेला तो तरुण उत्तरादाखल एवढेच म्हणाला, "सर, मी सावकाशच जातो." नोंदवहीत त्याला महिनाअखेर कमी करण्याचा ठराव लिहिला गेला. तत्पूर्वी बग्गी एकदा तपासून घ्यावी, म्हणजे नव्या चालकाच्या हाती ती निर्दोष जाईल, असा एक पोटठरावही झाला.

त्या पोटठरावामुळे मेस्त्री आले. बंगळूरात कित्येक पिढ्या काढलेल्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ. त्यांची मराठी घरापुरती. हिशेब कन्नडात, हत्यारांची नावे इंग्रजीत आणि ट्रकवाल्यांशी बोलणे दखनीत. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये याने राधामाधवविलासचंपूत अनेक भाषांतील कवने गुंफली. वि. का. राजवाडे यांनी तो ग्रंथ 1922 मध्ये प्रसिद्ध केला तेव्हापासून अभ्यासक त्या बहुभाषिकतेचे कौतुक करीत आले आहेत. मेस्त्रींच्या दुकानात तिचे कोणाला कौतुक नव्हते. तिच्यावाचून तेथे पानच हलले नसते.

मेस्त्रींनी कललेल्या बाजूकडे प्रथम पाहिलेच नाही. त्यांनी बग्गी तळघरातल्या सपाट फरशीवर आणवली, चारही चाकांतील हवा सारखी केली आणि फीत काढली. मागच्या प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंतचे अंतर खडूने फरशीवर लिहिले. रिकाम्या गाडीत उजवी बाजू दीड इंच खाली होती. मग मागच्या आसनावर दोन रखवालदार बसवले आणि पुन्हा मापे घेतली. उजवी बाजू आणखी एक इंच दबली. डावी पाव इंचही हलली नाही.

"ही बघा, सर," मेस्त्री चिटणिसांना म्हणाले, "उजवी बसलीय ती काम करून. डावी उभी आहे ती कामच करत नाही म्हणून."

या वाक्याचा अर्थ समजण्यासाठी पाट्यांच्या कमानीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची ही कमान मध्यभागी यू-बोल्टांनी आसाला जखडलेली असते आणि दोन्ही टोकांनी सांगाड्याला जोडलेली असते. भार आला की ती सपाट होऊ पाहते. सपाट होताना तिची लांबी वाढते. दोन्ही टोके पक्की असतील तर त्या वाढीला जागाच उरणार नाही. म्हणून एक टोक झुलत्या दुव्यावर ठेवतात. या दुव्याला शॅकल म्हणतात, म्हणजे बेडी; आणि ही बेडी झुलत राहिली तरच कमान कमान राहते. ती गंजून धरली की कमानीचा दांडा होतो. डाव्या बाजूला तेच झाले होते. तिकडचा धक्का न जिरता वर जात होता, नेमका त्या आसनावर जेथे आजी बसत. आणि डावीने नाकारलेली लवचिकता उजवीला दुप्पट दाखवावी लागत होती. उजवी खोलल्यावर तिचे खालचे पाते मधल्या बोल्टाच्या छिद्रापाशी चिरलेले निघाले. उंचवट्यावर वाजत होते ते हेच.

डावीच गंजली, याचेही कारण होते. त्या बाजूच्या कमानीवर पांढरट-हिरवट खरपुडी चढली होती. वरच्या बॅटऱ्यांतून आम्ल गळत होते. बॅटरी भारित करण्यापूर्वी तिच्यात पाणी काठोकाठ भरले तर भारित होताना ते फुगून, आम्ल घेऊन बाहेर येते. पाणी भरायचे ते भारित झाल्यानंतर, आणि तेही काठाच्या खाली. "पाणी कोण घालतं?" मेस्त्रींनी विचारले. चालकाने खाली पाहिले. रखवालदारांनीही पाहिले नाही असे केले. दर रविवारी सकाळी ऊर्ध्वपातित पाण्याचा डबा घेऊन चिटणीस स्वतः खाली येत. नोकरांकडून हयगय होते, म्हणून हे काम त्यांनी आपल्याकडे ठेवले होते; आणि हयगय होऊ नये म्हणूनच ते काठोकाठ भरीत.

"मी घालतो," ते म्हणाले. क्षणभराने त्यांनी विचारले, "किती घालायचं, ते दाखवाल का?"

दुरुस्तीला दोन दिवस लागले. बॅटऱ्यांची जोडणी सोडवली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले, सांगाडा घोड्यांवर ठेवून आस वेगळ्या जॅकवर तोलला. गंजलेला भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला. कमानी दोन्ही बदलल्या. जुनी आणि नवी जोडीला लावली तर गाडी पुन्हा कलणारच. दुवे नवे, बुशही नवे. मात्र बुशचे बोल्ट मेस्त्रींनी गाडी वर असताना अर्धवटच आवळले. ती चाकांवर उतरून आपल्या वजनाने स्थिर झाल्यावर मग त्यांना शेवटचा पीळ दिला. आधी आवळले असते तर रबर कायमचे पिळलेले राहिले असते. आठवड्याने यू-बोल्ट पुन्हा तपासायला येईन, असे सांगून ते गेले. मागे एका वेळी दोघांहून अधिक माणसे बसवू नयेत, हे त्यांनी खडूने आसनाच्या पाठीवर कन्नडात लिहून ठेवले.

आजींना हे सर्व कळले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. सोलापूरला त्यांच्या माहेरी टांगा होता. "पहिल्या दिवशीच मला वाटलं, कमान धरलीय," त्या म्हणाल्या. मग कोणाला सांगितले का नाही, असे सुनेने विचारले, तेव्हा त्या उत्तरल्या, "विचारलं कुणी?"

पहिल्या फेरीला डाव्या मागच्या आसनावर चिटणीस बसले. सगळ्या उंचवट्यांवरून जाऊन ते परत आले, चालकाशी एकही शब्द न बोलता कार्यालयात गेले आणि नोंदवही उघडून ठरावावर तिरपी रेघ ओढून त्यांनी खाली सही केली. समासात कारण लिहिण्याची जागा असते. तेथे त्यांनी "डावी कमान" एवढेच लिहिले. मग थोडा वेळ थांबून, त्याच बारीक अक्षरात, "आणि चिटणीस".

पुढच्या शुक्रवारी बग्गी मागच्या इमारतीपाशी उभी राहिली. आजी चढल्या, पदर नीट केला, हातातली लिंबांची पिशवी मांडीवर घेतली. पहिला उंचवटा आला तसा चालकाने वेग आणखी कमी केला. त्याला मागे न पाहताच आजी म्हणाल्या, "चल रे बाळा, आता घाबरू नकोस." त्याला मराठी येत नव्हते. तरीही त्याने गाडी थोडी जोरात सोडली.