भांगेची भरती

गेल्या शनिवारी भाजी आणायची, गाडी सर्व्हिसिंगला टाकायची, असे बरेच संकल्प होते. प्रत्यक्षात चहाचा कप घेऊन जालावर बसलो तो दुपारी तीनला उठलो. (बायकोने यावर केलेलं भाष्य इथे देत नाही.) कारण एकच, तारावा.

तारावा म्हणजे प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ असलेलं प्रवाळांचं कंकण. आज ते किरिबाती या देशात येतं. त्यातलं बेटिओ हे बेट जेमतेम तीन-चार किलोमीटर लांब. पण जपान्यांनी तिथे धावपट्टी बांधली होती आणि रिअर अ‍ॅडमिरल शिबाझाकी यांच्या हाताखाली साधारण ४,७०० माणसं होती. त्यातले सुमारे १,२०० तर कोरियन मजूर. २० नोव्हेंबर १९४३ ला अमेरिकेची दुसरी मरीन डिव्हिजन तिथे उतरली.

आता गंमत बघा. गंमत कसली, शोकांतिकाच. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा होता. पहिल्या तीन लाटा 'अ‍ॅमट्रॅक' गाड्यांतून जाणार होत्या. या गाड्यांना रणगाड्यासारखे पट्टे, त्यामुळे पाण्यातही चालतात आणि प्रवाळावरही चढतात. पण त्या १२५ च होत्या. मागून येणाऱ्यांसाठी साध्या हिगिन्स बोटी, आणि त्यांना कठड्यावर चार फूट तरी पाणी हवं. मेजर फ्रँक हॉलंड हे तिथे बरीच वर्षं काढलेले गृहस्थ. त्यांनी आधीच सांगितलं होतं, की त्या दिवसांत तीन फूटही पाणी मिळणार नाही. योजना आखणारे कर्नल डेव्हिड शूप यांनाही हा धोका दिसत होता. पण मोहिमेचं वेळापत्रक ठरलेलं होतं. झालं!

बोटी कठड्यावर अडकल्या. सैनिक छातीभर पाण्यात उतरले आणि पाचशे यार्डांहून जास्त अंतर मशीनगनच्या माऱ्यात चालत गेले. ७६ तासांत बेट पडलं, पण सुमारे हजार अमेरिकन मेले आणि दोन हजारांवर जखमी झाले. पलीकडच्या ४,७०० पैकी जिवंत हाती लागले १४६, त्यात १२९ कोरियन. त्या मजुरांचं तर हे युद्धही नव्हतं.

पाणी का चढलं नाही, याचा उलगडा १९८७ मध्ये डोनाल्ड ओल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून केला. त्या दिवशी चंद्र शेवटच्या चतुर्थकात होता आणि त्याच सुमारास पृथ्वीपासून सर्वात दूरही होता. त्यामुळे भरती-ओहोटीतला फरक अगदीच कमी झाला.

हे वाचताना मला आजोळ आठवलं. हर्णैला सुट्टीत समुद्रावर जायचं म्हटलं की आबा आधी तिथी विचारायचे. अवस-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. शेवटचा चतुर्थक म्हणजे आपली वद्य अष्टमीच की! हॉलंडसाहेबांचं ज्ञान याच जातीचं असणार. किनाऱ्यावर राहून कमावलेलं, आणि म्हणूनच मीटिंगमध्ये वजन न पडणारं.

इथवर मी मजेत होतो. मग एकदम पोटात खड्डा पडला.

दोन वर्षांपूर्वी आमचं एक मोठं रिलीज होतं. टेस्टिंगमधला एक मुलगा, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं, माझ्या डेस्कशी येऊन म्हणाला, "आपण दहा टक्के डेटावरच टेस्ट केलंय. मायग्रेशन रविवार रात्रीत संपणार नाही, मला नाही वाटत." मी म्हटलं, "बघू रे, होईल." रिस्क शीटमध्ये मी लिहिलं, शक्यता: कमी. सोमवारी सकाळी अकरापर्यंत क्लायंटची शेकडो माणसं कोऱ्या स्क्रीनसमोर बसून होती.

कुणी मेलं नाही. युद्धाशी तुलना करायची माझी लायकी नाही आणि इच्छाही नाही. खुपतंय ते पुढचंच. आढावा बैठकीत प्रश्न आला, "टेस्टिंगने हे आधी का नाही पकडलं?" तो मुलगा माझ्याकडे बघत होता. मी लॅपटॉपकडे बघत होतो.

तारावानंतर अमेरिकनांनी काय केलं? रूझवेल्ट यांच्या परवानगीने सैनिकांचे मृतदेह दाखवणारा माहितीपट थिएटरात लागला, त्याला ऑस्करही मिळालं. पुढच्या मोहिमांत अ‍ॅमट्रॅक वाढवले, आधी किनारे तपासणारी खास पथकं उभी केली. १९४४ च्या सुरुवातीला क्वाजालीन घेताना याचा उपयोग झाला. म्हणजे चूक निदान चूक म्हणून कागदावर आली. माझ्या शीटमध्ये अजूनही 'शक्यता: कमी' असंच आहे.

रविवारी त्या मुलाला फोन लावला. आता तो दुसऱ्या कंपनीत असतो. पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग सांगून टाकलं, की तू मला सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही, आणि त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यानंतर मी तोंडी सांगणंच बंद केलं. सगळं मेलवर टाकतो."

यावर मला काही सुचलं नाही. सोमवारी हापिसात गेल्यावर आधी जुन्या व्यवस्थापकांना मेल टाकली, दोन वर्षं उशिरा का होईना. उत्तर अजून आलेलं नाही.

असो. भाजी शेवटी बायकोनेच आणली.