सातवी सही

बीटिगहाइम-बिसिंगेन,
२१ डिसेंबर २०२५

चि. बाळ हीस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे दसऱ्यानंतरचे पत्र पोचून दोन महिने लोटले, आणि उत्तरास झालेल्या विलंबाची खंत मनाला लागून आहे. परंतु तुझा प्रश्नच असा होता, की घाईघाईने चार ओळी खरडून त्याची वासलात लावणे मला प्रशस्त वाटेना. तुझ्या शाळेतल्या मुली जिल्ह्याच्या हँडबॉल स्पर्धेत पहिल्या आल्या, शाळा सुटल्यावर त्यांचा खेळही सुटू नये म्हणून त्यांच्यासाठी एक स्वतंत्र मंडळ काढावे असे तुझ्या मनात आहे, आणि जर्मनीतल्या लहान लहान गावांतले स्त्रियांचे संघ एकेक पायरी चढत देशाच्या अव्वल श्रेणीपर्यंत कसे पोचतात, त्याचे मर्म मी येथे राहून डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे ते तुला कळवावे, अशी तुझी इच्छा. ते मर्म मला पुरते उमगले आहे असे नव्हे. पण गेल्या वर्षा-दीड वर्षात या गावाने जे पाहिले, त्याने माझ्यापुरते एक उत्तर निश्चित झाले आहे, आणि ते आज निवांतपणे लिहीत आहे.

आरंभी एक गोष्ट तुझ्या मुलींना सांग, कारण ती त्यांच्या हक्काची आहे. १९१७ च्या ऑक्टोबरची २९ तारीख ही या खेळाची जन्मतिथी मानतात. त्या दिवशी बर्लिनमध्ये माक्स हाइझर नावाच्या व्यायामशिक्षकाने 'हँडबॉल' या नावाने त्याचे नियम पक्के केले, आणि ते केले ते स्त्रियांसाठी व मुलींसाठी. महायुद्ध चालू होते, आणि मुलींनाही मोकळ्या हवेत, झोंबाझोंबीवाचून खेळता येईल असा एखादा खेळ असावा, हा त्यामागचा हेतू. पुढे १९१९ मध्ये कार्ल शेलेन्त्स याने त्या नियमांत फेरफार करून त्यात झुंज आणली, पुरुषांनी तो उचलला, आणि मग मूळ धनिणीच दाराबाहेर राहिल्या! १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पुरुष हा खेळ मैदानावर खेळले. स्त्रियांना मात्र ऑलिंपिकचे दार उघडण्यास १९७६ चे माँट्रियल उजाडावे लागले. जो खेळ मुळात त्यांच्यासाठी निर्माण झाला, त्यात प्रवेश मिळण्यास त्यांना पुरुषांच्या मागे चाळीस वर्षे तिष्ठत राहावे लागले, हे ज्या दिवशी मला कळले, त्या दिवसापासून या खेळाकडे मी केवळ करमणूक म्हणून पाहू शकलेली नाही.

आता येथल्या शिडीविषयी. सर्वांत वर बारा संघांची अव्वल श्रेणी, जिला येथे बुंडेसलिगा म्हणतात. स्त्रियांची ही श्रेणी १९७५ साली सुरू झाली. तिच्याखाली दुसरी श्रेणी, तिच्याखाली प्रदेशवार गटांत विभागलेली तिसरी, आणि त्याखाली प्रांताच्या, विभागाच्या, तालुक्यासारख्या लहान मुलखाच्या अशा पायऱ्या उतरत उतरत थेट गावच्या सभागृहापर्यंत येतात. वर्षाअखेर वरच्या पायरीवरचे शेवटचे संघ खाली येतात व खालचे पहिले वर जातात. आणि म्हणून, निदान कागदावर तरी, कोणत्याही खेड्यातल्या सात मुलींना देशाच्या विजेतेपदापर्यंत जाणारी वाट मोकळी असते. जन्म, वशिला किंवा निवडसमितीची मेहेरनजर यांपैकी कशाचीही तेथे गरज पडत नाही. ही व्यवस्था मला प्रथम समजली तेव्हा तिच्यातल्या न्यायाने मी भारावून गेले होते, आणि तो आदर आजही कायम आहे.

परंतु शिडीची ओळख वरून होत नाही, ती खालून होते. येथून जवळच्या एका खेड्यातल्या संघाचे सामने पाहण्यास मी हिवाळ्यात शनिवारी जात असते. हा संघ खालून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचा, आणि त्याचे नाव त्या पंचक्रोशीबाहेर कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. दाराशी एक वयस्क बाई टेबल मांडून तिकिटे फाडते. तिची नात उजव्या बगलेवर खेळते. आत शिरताच कॉफीचा आणि घरी भाजून आणलेल्या केकचा वास येतो, कारण त्या दिवसाचा केक कोणत्या खेळाडूच्या घरून यावयाचा याची पाळी महिनाभर आधी वहीत लिहिलेली असते, आणि त्या विक्रीतून येणाऱ्या पैशावर पोरींच्या प्रवासाचा खर्च भागतो. घड्याळ सांभाळणारा, गुणपत्रक लिहिणारा, अर्ध्या वेळात फरशी पुसणारा, हे सारे बिनपगारी आणि हे सारे वर्षानुवर्षे तेच. राळेचीच गोष्ट घे. चेंडू बोटांना चिकटून राहावा म्हणून वरच्या श्रेणीत खेळाडू हाताला राळ लावतात. परंतु तिचे डाग फरशीवरून सहजी निघत नाहीत, म्हणून खालच्या श्रेणीतल्या कित्येक सभागृहांत नगरपालिकेची तिला सक्त मनाई असते. त्यामुळे जो संघ वर चढतो त्याला प्रतिस्पर्धी तर नवे मिळतातच, पण चेंडूही जणू नवाच हाती येतो. कोरड्या चेंडूवर वाढलेल्या बोटांना चिकट चेंडू सोडावा कसा आणि कधी, हे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. चढणे म्हणजे काय, ते मला त्या राळेने शिकवले.

आता आमच्या गावाची कथा ऐक. एन्त्स आणि मेटर या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव. एन्त्स नदीवर कार्ल एत्सेल याने १८५१ ते १८५३ या काळात बांधलेला रेल्वेचा उंच दगडी पूल अजून उभा आहे, आणि त्याचेच नाव ल्यालेले एक क्रीडागृह येथे आहे. येथल्या हँडबॉल संघाच्या नावात 'बीबीएम' अशी तीन अक्षरे होती: बीटिगहाइम, बिसिंगेन आणि मेटर्त्सिमर्न. एकट्याच्या बळावर जे साधणार नाही ते साधण्यासाठी शेजारच्या वस्त्यांनी आपापले अभिमान बाजूला ठेवून एक संघ उभा करावयाचा, हा या मुलखातला जुना शिरस्ता आहे. या संघाच्या बायका काही वर्षांपूर्वी दुसऱ्या श्रेणीत झगडत होत्या. २०१७ मध्ये त्यांनी देशाचे विजेतेपद पहिल्यांदा जिंकले. पुढे २०१९ मध्ये आणि मग २०२२, २०२३, २०२४ असे लागोपाठ तीन वर्षे जिंकले. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या व्हिबॉर्ग संघास त्याच्याच गावात हरवून त्यांनी युरोपीय लीगचा चषक आणला, आणि २०२४ च्या जूनमध्ये तर बुडापेस्ट येथे युरोपातल्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे हंगेरीच्या ग्योर संघाने त्यांना ३०-२४ असे हरवले. पण त्या रात्री या गावात जे जागरण झाले, ते पराभवाचे जागरण नव्हते. त्रेचाळीस हजारांच्या आसपास वस्तीचे गाव, आणि त्याचे नाव साऱ्या युरोपच्या तोंडी!

त्यानंतर जे झाले ते लिहिताना हात जड होतो. त्याच उन्हाळ्यात स्त्रियांचा संघ मूळ संस्थेपासून विभक्त होऊन, मोठे शहर आणि मोठे क्रीडागार यांच्या आश्रयास, शेजारच्या लुडविग्सबुर्गला गेला व त्या शहराचे नाव धारण करता झाला. खेळात काही उणे आले नाही. २०२५ चे विजेतेपद आणि राष्ट्रीय चषक दोन्ही त्यांनीच जिंकले. आणि त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, जुलैत, अपेक्षित पैसा उभा न राहिल्यामुळे संघास न्यायालयात नादारीचा अर्ज दाखल करावा लागला. नवा हंगाम सुरू होण्याच्या आत खेळाडूंना करारातून मोकळे करण्यात आले, आणि देशाचा विद्यमान विजेता संघच अव्वल श्रेणीतून नाहीसा झाला. मैदानावर त्यांना कोणी खाली उतरवले नव्हते. ज्या बायकांनी युरोपात मान मिळवला, त्यांना ऐन ऑगस्टच्या तोंडावर नवे गाव, नवे घर, नवी नेमणूक शोधावी लागली. कोणाला दोष देण्यास माझ्यापाशी अधिकार नाही, आणि ज्यांनी मोठे स्वप्न पाहिले त्यांच्या हेतूविषयी शंकाही नाही. परंतु तिकिटे फाडणाऱ्या त्या आजीबाईंनी ही बातमी ऐकून टेबलावरची नाण्यांची पेटी दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतली, ती कृती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

येथल्या नियमाप्रमाणे श्रेणीतली जागा केवळ गुणांनी मिळत नाही. दरवर्षी संघाने आपला जमाखर्च आणि पुढील वर्षाची तरतूद संघटनेच्या दफ्तरात सादर करून परवाना मिळवावा लागतो. लाइपझिगचा संघ, ज्याने पूर्व जर्मनीच्या काळात तेरा व एकीकरणानंतर सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती, त्याचा परवाना २०१७ मध्ये कर्जापायी नाकारला गेला आणि तो एकदम तिसऱ्या श्रेणीत येऊन पडला. तेथल्या लोकांनी मात्र दिवा विझू दिला नाही. आपल्याच तालमीत वाढलेल्या तरुण मुली घेऊन त्यांनी तेथूनच पुन्हा चढण्यास आरंभ केला व ते दुसऱ्या श्रेणीपर्यंत परत चढून आले. उलट, तिसऱ्या श्रेणीत पहिला येऊनही वर जाण्याचा हक्क आपण होऊन सोडून देणारे संघही येथे पुष्कळ आहेत. प्रवास, सभागृह, वेतन यांचा हिशेब मांडून त्यांची सभा एकमताने ठरवते, की आपण येथेच राहू. पूर्वी मला हे भ्याडपणाचे वाटे. आता वाटत नाही.

आणि हँबुर्गजवळच्या बुक्स्टेहुडेचा संघ पाहा. १९८९ मध्ये तो अव्वल श्रेणीत चढला आणि त्यानंतर एकदाही खाली उतरला नाही. देशाचे विजेतेपद त्याला कधीच मिळालेले नाही. राष्ट्रीय चषक मात्र २०१५ आणि २०१७ मध्ये त्याने जिंकला. छत्तीस वर्षे! ज्या मुलीने त्याचा पहिला सामना आईच्या कडेवरून पाहिला असेल, तिची मुलगी आज त्याच संघाच्या कनिष्ठ गटात खेळण्याच्या वयाची असेल. शिखर गाठणे ही थोर गोष्ट आहे, यात वाद नाही. परंतु एखाद्या उंचीवर छत्तीस वर्षे वस्ती करून राहणे, ही मला त्याहूनही थोर गोष्ट वाटू लागली आहे, कारण शिखर सात जणी गाठू शकतात, वस्ती मात्र सात जणींनी होत नाही.

मागल्या रविवारी, १४ तारखेस, रॉटरडॅम येथे जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. नॉर्वेने जर्मनीला २३-२० असे हरवले. तरी या देशाच्या स्त्रियांना २००७ नंतर जागतिक स्पर्धेत मिळालेले हे पहिलेच पदक. संघाची कर्णधार आंत्ये ड्योल हिने आमच्या संघातून कित्येक वर्षे खेळ केला होता. तिच्या गळ्यात ते रौप्यपदक पडताना आमच्या त्या खेड्यातल्या सभागृहात लावलेल्या पडद्यासमोर साठ-सत्तर माणसे उभी राहिली, आणि मीही उभी राहिले. संस्था मोडली, तरी तिने घडवलेली माणसे मोडत नाहीत, एवढे सांत्वन त्या संध्याकाळी आम्हां सर्वांना मिळाले.

आता तुझ्या मंडळाविषयी. जर्मन कायद्याने संस्थेची नोंद करावयाची तर निदान सात सभासद लागतात. आणि तिकडचा १८६० चा संस्था-नोंदणी कायदाही सातच मागतो, हे तुला मसुदा करताना आढळलेच असेल. मैदानावरही सातच. हा केवळ योगायोग आहे हे मी जाणते, पण तो माझ्या मनात घर करून बसला आहे. सहा सह्या तुला सहज मिळतील: तू स्वतः, तुझ्या सोबतच्या शिक्षिका, उत्साही पालक, खेळाचे वेड असलेली माणसे. सातवी सही मात्र निवडून घे. ती अशा माणसाची असू दे, की ज्याला कदाचित खेळातले फारसे कळणार नाही, पण जो दर शनिवारी हजर राहील, पावतीवाचून पैसा घेणार नाही व देणार नाही, आणि मुली जिल्ह्यातून राज्यावर जाण्यास निघाल्या म्हणजे, साऱ्यांच्या आनंदाच्या भरात, वही उघडून शांतपणे विचारील, की पुढल्या वर्षाचे काय? त्याचा राग मानू नकोस. तुझ्या मुलींचा सर्वांत मोठा हितचिंतक तोच असेल.

येथे बर्फ अजून पडलेले नाही. थंडी मात्र बोचरी आहे. तुझ्या आईला माझा निरोप सांग आणि मुलींना माझा आशीर्वाद. नोंदणीचा अर्ज दाखल झाला म्हणजे सविस्तर लिही, आणि सातवी सही कोणाची झाली ते पहिल्या ओळीत लिही.

तुझी,
मावशी