स्टॅनस्टेडचा हिशेब

लंडनच्या ईशान्येस स्टॅनस्टेड विमानतळ आहे. स्वस्त तिकिटांसाठी प्रसिद्ध असलेल्या रायनएअरचे हे मोठे केंद्र. एके काळी येथून उड्डाण करणाऱ्यास तिकिटाच्या दराबरोबर कार्डाचा प्रकारही पाहावा लागे. २००९ अखेरपर्यंत व्हिसा इलेक्ट्रॉन या साध्या डेबिट कार्डाला शुल्क नव्हते. इतर कार्डांवर ते माणशी, जाता-येता स्वतंत्र आकारले जाई. चौघांच्या कुटुंबास ते आठ वेळा पडे! २०१० पासून ही सवलत मास्टरकार्डच्या प्रीपेड कार्डाकडे गेली. १३ जानेवारी २०१८ पासून ब्रिटनमध्ये ग्राहकांच्या वैयक्तिक कार्डांवर असे शुल्क घेण्यास बंदी आहे. पेढीच्या नावावरील कार्डास मात्र हे संरक्षण नाही. म्हणून व्यापाऱ्याने तेथे तिकीट काढताना अंतिम रक्कम पाहूनच कार्ड निवडावे.