मॉस्कोतला एक रविवार

मॉस्को म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रेमलिनचे तांबडे तट येतात आणि कांद्याच्या आकाराचे घुमट येतात. त्याच शहरात, वोझ्नेसेन्स्की गल्लीत, लाल विटांचे एक अस्सल विलायती चर्च उभे आहे, हे मला २०१९ च्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते.

माझी भाची तिकडे डॉक्टरीचे शिक्षण घेत होती. शाळेला सुटी लागली, तिचे बोलावणे होतेच, म्हणून गेलो. शनिवारी रात्री धाकट्या भावाचा फोन आला. आई गेली. माती उद्या दुपारीच द्यायची होती आणि माझे विमान मंगळवारचे. थोरल्या मुलाने आईच्या मातीला नसावे, असा तो योग! रात्रभर खिडकीशी बसून होतो. सकाळी भाची हलकेच म्हणाली, "मामा, इथे आपल्यासारखी उपासना होते. चला."

आपल्यासारखी, म्हणजे अँग्लिकन. आमचे नगर जिल्ह्यातले चर्च एसपीजी मिशनचे. १९७० साली ते उत्तर भारतीय मंडळीत सामील झाले, तरी आई शेवटपर्यंत 'एसपीजी'च म्हणत असे.

मॉस्कोतले हे सेंट अँड्र्यूज १८८४ साली बांधले गेले. नकाशा बोल्टनच्या रिचर्ड निल फ्रीमनचा. त्या काळी तेथे इंग्रज आणि स्कॉटिश व्यापारी असत, गिरण्यांतले जाणकार असत, श्रीमंतांच्या मुलांना शिकवणाऱ्या गव्हर्नेस असत. क्रांतीनंतर, १९२० साली, सारे पांगले आणि उपासना थांबली. पुढे वास्तू सरकारी कामाला लागली. १९६० च्या सुमारास तेथे चक्क ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ झाला. मेलोदिया या सोव्हिएत कंपनीच्या तबकड्यांसाठी तेथे वादन होई. आवाज घुमावा कसा, हे त्या उंच छताला चांगले कळते म्हणतात. १९९१ पासून पुन्हा उपासना सुरू झाली आणि १९९४ साली राणी एलिझाबेथ तेथे येऊन गेली.

हे सारे भाचीने वाटेत सांगितले. माझे मन एकाच गोष्टीपाशी अडले. ज्या घरात एवढे आवाज जपून ठेवले गेले, तेथे मी चाललो होतो. आणि आईचा आवाज आमच्यापाशी एकाही फितीवर नाही. अलीकडे तर फोन खिशातच असतो. पण कुणाला सुचले नाही.

मंडळी थोडीच होती. दोन-चार इंग्रज, बरेचसे आफ्रिकेतले विद्यार्थी, काही रशियन. भाचीने आईचे नाव एका चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत लिहून दिले. मध्यस्थीच्या प्रार्थनेत एका बाईंनी ते वाचले. आईच्या नावात 'ळ' आहे. वर्गात 'ळ'चा 'ल' करणाऱ्या पोरांना मी वीस वर्षे टोकत आलो आहे. त्या दिवशी मात्र 'ल' ऐकला आणि घसा दाटून आला. चिठ्ठीतल्या अक्षरांत 'ळ' होता कुठे? नाव चुकले, पण त्या चुकलेल्या नावापाठोपाठ सगळ्यांनी माना लववल्या.

मग पाळकांनी सांगितले, की प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हणावी. एकच गलबला उठला. आमची मराठी त्यात अंमळ मागे राहिली. सारे गप्प झाले तरी आम्ही दोघे म्हणतच होतो, आणि त्या छताखाली तेवढीच मराठी घुमत राहिली. घड्याळात पाहिले. गावाकडे दुपार उलटत आली होती.

नंतर चहा झाला. एक म्हातारी इंग्रज बाई शेजारी येऊन बसली आणि आई कशी होती, म्हणून विचारू लागली. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. 'फार चांगली' एवढे म्हणून मी थांबलो. मग वाटले, हे तर कुणाच्याही आईबद्दल म्हणतात. दिवाळीला शेजारच्या घरी करंज्या करायला आईलाच बोलावत, ख्रिस्ती म्हणून कुणी कधी अडवले नाही, हे सांगायचे मनात होते. पण करंजीला इंग्रजीत काय म्हणतात, ते भाचीलाही येईना. शेवटी मी कपबशी खाली ठेवली, तळहातावर पारी घेतली, सारण भरले, दुमडली आणि कातणाने कड कापून दाखवली. बाईंनी मान डोलावली आणि आपलाही तळहात पुढे केला.