शहाद्याची हवा आणि साखरेची पाकळी

नंदुरबार,
फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय चिऊ,

तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात साखरेत होते, म्हणून घाईत आटपलं. आता निवांत लिहिते. वसईला असताना जिने तुला कधी दगा दिला नाही, ती साखरेच्या फुलांची गमपेस्ट शहाद्यात लाटता लाटता तडकते, पाकळीची कड पापडासारखी कडक होते, असं म्हणालीस. अगं, हात तुझा तोच आहे, हवा बदललीये. खाडीकाठच्या दमट घरात बसवलेलं प्रमाण तू गोमाईकाठी वापरतेस. इथे आता ऊन चढायला लागलंय, महिन्याभरात पारा चाळिशी गाठेल. अशा हवेत उघडी ठेवलेली पेस्ट बघता बघता वरून सुकते.

प्रमाण हे असं घे. पाव किलो आयसिंग शुगर, चहाचे 2 चमचे सीएमसी (हाच पेस्टचा डिंक), 1 चमचा लिक्विड ग्लुकोज, 1 चमचा डालडा आणि पाणी साधारण 2 मोठे चमचे, तेही शेवटी शेवटी थेंबाथेंबाने. अंड्याच्या पांढऱ्यातली पेस्ट जास्त लवचिक होते हे खरं, पण आपल्याकडच्या साखरपुड्याच्या केकला अंडं चालेल का, हे विचारायचीही सोय नसते. जिलेटिनचंही तेच.

यात हवेप्रमाणे बदलायच्या गोष्टी दोनच: ग्लुकोज आणि पाणी. ग्लुकोज ओल धरून ठेवतं. वसईत ते जरा जास्त झालं की फूल दोन दिवसांनीही मान टाकतं, म्हणून तू ते अर्ध्यावर आणलं होतंस. शहाद्यात पूर्ण चमचा घाल, होळीनंतर दीडही चालेल. तडे गेले म्हणून सीएमसी वाढवू नकोस. सगळे तिथेच फसतात. डिंक जास्त झाला की पेस्ट रबरासारखी होते, लाटलेली पाती मागे सरते आणि सुकतेही लवकर. सीएमसी आधी कोरड्या साखरेत मिसळून घे, थेट पाण्यात पडलं तर त्याच्या गाठी काही केल्या मोडत नाहीत. मळून झालं की डालड्याचा हात लावून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवून दे. सकाळी ती वेगळीच लागेल.

जमली की नाही हे कसं ओळखायचं? बोराएवढा गोळा घेऊन चांगला मळ. हाताच्या उबेने कोमट होईस्तोवर मळ म्हणजे त्यातला डालडा जागा होईल. मग दोन्ही हातांनी ओढ. थोडा ताणला जाऊन कट्‌ करून तुटला, तर बरोबर. धागे निघत लांबत गेला तर ओला आहे, साखर लाव. ओढायच्या आतच भुगा झाला तर कोरडा आहे. त्यावर पाणी शिंपडू नकोस, पाण्याने साखर विरघळून तो चिकट होतो. बोटाला डालडा लावून पुन्हा मळ.

साखरेचं म्हणशील तर पुरुषोत्तमनगरचा कारखाना तुझ्या शेजारी, त्यामुळे घरात साखर मुबलक, आणि सासूबाई म्हणणार, मिक्सरला फिरव की. फिरव, पण मिक्सरची साखर कितीही दळली तरी तिच्यात कण राहतात आणि पातळ पाकळी तिथूनच फाटते. मलमलच्या कापडातून गाळ, पाव किलोला मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर घाल. शक्य असेल तर फुलांपुरती विकतचीच आण, मी तरी तेच करते.

आणि वाण्याकडच्या डिंकाच्या नादी लागू नकोस. गमपेस्टचा मूळ डिंक ट्रॅगाकंथ, इराण-तुर्कस्तानातल्या काटेरी झुडपाचा. ह्यू प्लॅट नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या 1600 च्या सुमाराच्या पुस्तकात साखर, स्टार्च आणि गुलाबपाण्यात भिजवलेला हाच डिंक एकत्र मळून कोरीव साच्यात दाबायची कृती आहे. आपल्या बाजारात ‘गोंद कतीरा’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा कांडोळाचा किंवा तशाच दुसऱ्या झाडाचा असतो. सातपुड्यात उन्हाळ्यात पानं झडून पांढरंफटक उभं असतं ना, तेच कांडोळ. त्याच्या डिंकाला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. सरबताला छान, पाकळीला नको. सीएमसीच्या पाकिटावर 466 हा आकडा बघून घे, म्हणजे झालं.

परवा मी मुद्दाम साखरेचे हार-कंगन करणाऱ्यांच्या भट्टीवर जाऊन उभी राहिले. होळी तोंडावर आलीये, त्यांना बोलायला सवड नाही. पाकात दुधाचा शिपका मारून मळी काढतात, मग पाक कढईच्या कडेला घोटत राहतात. त्यात दुधाळ झाक आली की त्याच क्षणी, दोरा घातलेल्या लाकडी साच्यात ओततात. जरा आधी ओतला तर हार चिवट, जरा उशीर झाला तर पाक कढईतच बसतो. तिथे ना वजनकाटा, ना थर्मामीटर. आभाळ आलं की त्यांची तोंडं उतरतात, कारण हार सुकत नाहीत, हाताला चिकटतात. त्यांचं काम साखरेचा दाणा धरण्याचं, आपलं तो न धरू देण्याचं. हवेशी झगडा मात्र दोघांनाही चुकलेला नाही. व्हिडिओतल्या बायका बंद, थंड खोलीत बसून ‘परफेक्ट’ प्रमाण सांगतात ना, त्याचा मला म्हणूनच राग येतो.

तुझ्याकडे कूलर आहे, तेवढं जप. कूलर ओली हवा फेकतो. त्याच्यासमोर वाळायला ठेवलेली पाकळी संध्याकाळपर्यंत लोळागोळा होते. पंख्याखाली लाटायला बसलीस तर उलटा ताप, पातीवर लगेच पापुद्रा धरतो. म्हणून लाटताना पंखा बंद, वाळवताना कूलर बंद. काम पहाटे उरकायचं, एका वेळी एका पाकळीपुरतीच पेस्ट बाहेर काढायची. तयार फुलं फ्रीजमध्ये नकोत, बाहेर काढली की त्यांना घाम फुटतो. आणि पावसाळ्यात तोरणमाळची ऑर्डर कोणी कितीही पैसे देऊन सांगितली तरी घेऊ नकोस. त्या धुक्यात साखरेचं काही टिकत नाही.

पहिल्या केकला गुलाब करू नकोस. पळस कर. सध्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेटलाय, समोर फांदी ठेवून करता येईल. त्याची पाकळी जाडसर, मखमली, पोपटाच्या चोचीगत वळलेली. पातळ लाटायची कसोटी लागत नाही, थोडीफार तडकली तरी खपून जाते. बुडाशी काळपट तपकिरी वाटी असते, तिचा रंग पेस्टमध्येच मळ. जेल रंगाने पेस्ट सैल पडते, तेव्हा त्या गोळ्याला चिमूटभर सीएमसी जास्त लागेल. केशरी गोळा आदल्या रात्रीच कर, रंग मुरून एक छटा गडद होतो.

सीएमसी इथे मिळालं तर तुझ्यासाठीही घेऊन ठेवते. जावईबापूंना या आठवड्यात नंदुरबारला यायचंच आहे, त्यांच्याकडे देईन.

तुझी,
आत्या