मृगाच्या हिशेबातली तूट

झड. आठ-आठ दिवस लागून राहायची. कपडे वाळायचे नाहीत, चुलीत ओलं जळण धुमसायचं, पण थेंब न् थेंब जमिनीत मुरायचा. आता महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो, मग नुसतं ऊन. पुण्यातले हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की, 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस मात्र घटला.

मृगाचा किडा. 7 जूनच्या आसपास मृग निघायचा. पहिल्या सरींनंतर उघडीप पडली की बांधावर लाल मखमलीचे ठिपके चालू लागायचे. बोट लावलं की पाय आखडून गप्प. पोरं काडेपेटीत घालून शाळेत न्यायची. म्हणायचं किडा, पण पाय आठ, कोळ्याच्या गोतातला. जवळजवळ वर्षभर जमिनीखाली, ओल लागली की थोडे दिवस वर. इतर किड्यांची अंडी खातो, म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी गडी. रोटाव्हेटरने त्याची जमीन उलटीपालटी झाली, कीटकनाशकाच्या फवारणीने उरलेलं काम केलं.

काजवे. भंडारदरा, पुरुषवाडीकडे मेअखेर अजून झाडं लखलखतात. ती बघायला गाड्यांच्या रांगा. हेडलाइटच्या झोतात नराची खूण मादीला दिसत नाही. जोड जमणार कशी?

पावशा. हा पक्षी अजून ‘पेर्ते व्हा’ ओरडतो. ऐकून पेरणारे, पुढे पाऊसच न आल्याने, दुबार पेरणीत बुडाले.

चढणीचे मासे. कोकणात पहिल्या पुराबरोबर नदीतले मासे वहाळातून उलटे चढत भातखाचरात यायचे. पोटं अंड्यांनी टम्म. उथळ, कोमट पाण्यात अंडी घालायची, पिल्लं तिथेच वाढायची आणि पाणी ओसरताना नदीला लागायची. माणसं वाटेत मासे धरायची खोइन लावायची, तरी पुरून उरायचे. आता वाटेत बंधारा आहे. तो ओलांडून कोणी पोचलाच, तर पाऊस मध्येच दडी मारतो आणि खाचर आटतं, अंड्यांसकट. वर वहाळात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे महाभाग आहेतच.

पाऊस आपल्या हातात नाही, ब्लीचिंगचा डबा आहे. तो वहाळात रिकामा करू नका, आणि चढणीचे पहिले आठ दिवस खोइन घरीच राहू द्या.